जुन्या क्रॉलर लोडरचा रेडिएटर उतरवायचा आहे: गार्ड, आर्म आणि वजनाचा हिशोब

मुरूमखाण (प्रश्न)

साधारण १५ टनी जुना क्रॉलर लोडर (चाकांऐवजी लोखंडी चेनवर चालणारा, पुढे बकेट असलेला) आहे. इंजिन पुढे, ऑपरेटर मागे, टॉर्क कन्व्हर्टरचा गिअर. वरच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यातून आणि खाली कुठूनतरी रेडिएटर गळतो. दिवसाला आठ-दहा लिटर पाणी भरावं लागतं आणि सलग बकेट भरताना तापमानाचा काटा लालमध्ये जातो. रेडिएटर काढून दुरुस्तीला द्यायचा आहे.

अडलंय ते वजनदार भागांपाशी. रेडिएटरच्या पुढे जाड प्लेटचं गार्ड आहे आणि त्यातच जाळीचा दरवाजा. गार्ड दोन्ही बाजूंनी मेन फ्रेमला पाऊण इंची बोल्टने बसवलंय. काही बोल्टची डोकी गंजून गोल झाली आहेत आणि एक आतच तुटलेला दिसतो. बकेट जमिनीवर असली की आर्मचा आडवा पाईप आणि टिल्टचे (बकेट वळवणारे) लिव्हर बरोबर गार्डच्या समोर येतात.

साधनं अशी: ३ टनी चेन कप्पी, तीन पायांची घोडी, २० टनी बाटली जॅक, गॅस सेट. क्रेन लागलीच तर अर्धा दिवस मिळू शकते.

१) आर्म वर ठेवून काम करायचं की खाली?
२) गार्डचं वजन अंदाजे किती धरायचं?
३) रेडिएटर सरळ वर उचलायचा की पुढे ओढायचा?
४) जाम बोल्टचं काय करायचं?

जाणकारांनी क्रमाने सांगितलं तर बरं होईल.

झाळकाम

पाना हातात घेण्याआधी दोन तपासण्या करा. रेडिएटर उतरल्यावर त्या करता येत नाहीत.

पहिली झाकणाची. झाकणाचा रबर कडक झाला असेल किंवा स्प्रिंग मेली असेल, तर दाब धरला जात नाही आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं. ७ पीएसआयचं (४८ किलोपास्कल) झाकण नीट बसलं असेल, तर साधं पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळतं. दाब गेला की हे ११ अंश गेले. रोजच्या आठ-दहा लिटरपैकी काही पाणी झाकणातून जात असेल, तर नवा कोअर (रेडिएटरचा नळ्या आणि फिनचा मधला भाग) टाकूनही त्रास तसाच राहील.

दुसरी तपासणी हेड गॅस्केटची. इंजिन पूर्ण थंड असताना पाणी थोडं उतरवा, थर्मोस्टॅट काढा आणि हाउसिंगच्या उघड्या तोंडापर्यंत पाणी भरा. वॉटर पंपाचे पट्टे उतरवून इंजिन फक्त एक-दोन मिनिटं चालवा. पंप फिरत नसल्यामुळे पाणी स्थिर दिसलं पाहिजे. अशा स्थितीतही एकसारखे बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. तोच दाब रेडिएटरच्या झाळीवर येतो आणि सगळ्यात अशक्त कोपरा आधी फुटतो. पट्टे चढवून ही तपासणी केली तर पंपाच्या सीलमधून ओढलेली हवाही बुडबुड्यांसारखी दिसते आणि निदान चुकतं. म्हणून पट्टे काढणं टाळू नका.

पाण्यावर तेलाचा तवंग आहे का तेही बघा. बऱ्याच टॉर्क कन्व्हर्टरवाल्या यंत्रांत ट्रान्समिशनचा ऑइल कूलर रेडिएटरच्या खालच्या टाकीत किंवा त्याला लागून असतो. तवंग असेल तर कूलरचीही वेगळी चाचणी घ्यावी लागेल.

कप्पी_साखळी

आर्मबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आर्म खाली, बकेट जमिनीवर. गार्ड आणि रेडिएटर काढताना माणसं यंत्राच्या पुढ्यात उभी असणार, आणि त्यांच्या डोक्यावर टनभराहून जड बकेट नको. शिवाय आर्म वर असले की आडवा पाईप आणि बकेट पुढून वर येतात आणि क्रेनच्या हुकाला जागाच उरत नाही.

जागा किती मिळते ते इंजिन बंद करण्याआधी मोजा. एकदा बकेट सपाट ठेवून आणि एकदा मागे वळवून, गार्डपासून टिल्ट लिव्हरच्या सगळ्यात जवळच्या टोकापर्यंत टेप लावा. बऱ्याच रचनांत बकेट मागे वळवली की लिव्हरचं वरचं टोक पुढे सरकतं आणि हातभर जागा सुटते. काही यंत्रांत नेमकं उलट होतं, म्हणून मोजूनच ठरवा. बकेट मागे वळवून टेकवली तर ती टाचेवर उभी असते. पुढच्या धारेखाली लाकडी ठोकळे भरा, नाहीतर दाब सोडल्यावर ती खाली बसेल.

मग इंजिन बंद करून हायड्रॉलिकचे सगळे लिव्हर दोन-तीनदा पूर्ण पुढे-मागे करा, टाकीचं झाकण सावकाश सैल करा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. लिव्हर न हलवता होज उघडला तर आत अडकलेला दाब पिचकारीसारखा बाहेर येतो. असं तेल कातडीत शिरलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया लागते.

आता वजन. अंदाजपंचे ठरवू नका, टेपने मोजा. पोलादाच्या १ चौरस मीटर प्लेटचं वजन जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला ७.८५ किलो असतं. म्हणजे १२ मिमीला ९४ किलो, २० मिमीला १५७, २५ मिमीला १९६. गार्डच्या बाजूच्या प्लेटा, वरची प्लेट आणि जाळी अशी वेगवेगळी मापं इथे द्या, हिशोब करू.

मुरूमखाण

मोजलं. बाजूच्या दोन प्लेटा २० मिमी जाड, प्रत्येकी १.१ मी × ०.४ मी. वरची प्लेट २५ मिमी, ०.९ मी × ०.३५ मी. जाळीचा दरवाजा ०.९ मी × १.० मी, १२ मिमीच्या पट्ट्यांचा, साधारण निम्मा भाग मोकळा.

बकेट मागे वळवल्यावर लिव्हर आणि गार्ड यांच्यात ५२ सेंमी जागा मिळते, सपाट ठेवली तर ३० सेंमी. झाकणाचा रबर खरंच तडकलेला निघाला, ते नवं आणतो. पट्टे काढून पाहिलं, बुडबुडे नाहीत. तवंगही नाही.

कप्पी_साखळी

बाजूच्या प्लेटा: ०.४४ चौ.मी. × १५७ = ६९ किलो, दोन मिळून १३८. वरची: ०.३१५ × १९६ = ६२. जाळी: निम्मा भाग मोकळा म्हणून ०.४५ × ९४ = ४२. बेरीज २४२. वेल्ड, बिजागऱ्या, आतल्या पट्ट्या, साचलेला चिखल यासाठी १५ टक्के धरले की २८० किलो. स्लिंग (उचलायचा पट्टा किंवा साखळी) आणि शॅकल (ती जोडायची पिनवाली कडी) निवडताना ३५० धरा.

हे वजन ३ टनी कप्पीला काहीच नाही. धोका घोडीचा आहे. तीन पायांची घोडी भार सरळ वर उचलण्यासाठी असते. तुम्हाला गार्ड थोडं उचलून पुढे न्यायचंय, आणि भार पुढे ओढला की मागचा पाय हलका होतो आणि घोडी उलटते. पायही यंत्राच्या चेनच्या (ट्रॅकच्या) दोन बाजूंना, मऊ जमिनीवर येणार. त्यामुळे घोडी बाजूला ठेवा आणि अर्धा दिवस क्रेन घ्या, किंवा वर ट्रॉली सरकणारी चार पायांची गॅन्ट्री मिळत असेल तर ती. क्रेन घ्यायची असेल तर ती यायच्या आदल्या दिवशी बोल्ट वगळता सगळं मोकळं करून ठेवा, आणि गार्डचेही चारच बोल्ट धरून राहतील इथपर्यंत काम आणून ठेवा.

जाळीचा दरवाजा बिजागरीवरून आधी वेगळा काढा. ४०-४५ किलो दोन माणसं सहज उतरवतात, आणि उचलताना दरवाजा अचानक उघडून तोल बिघडण्याची भीती जाते. दिव्यांच्या वायरी सोडवा. गार्ड उतरल्यावर हमखास आठवणारी गोष्ट हीच, तोवर वायर ताणून तुटलेली असते.

स्लिंगचा कोन बघा. दोन पायांची स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांवर असेल तर २८० किलोला प्रत्येक पायावर १६२ किलो ताण येतो, ४५ अंशांवर १९८, आणि ३० अंशांवर पूर्ण २८०. म्हणजे आखूड स्लिंग पसरट लावली की दोन पाय असून नसल्यासारखे. ६० अंशांच्या खाली जाऊ नका. प्लेटच्या धारेवर कापडी बेल्ट टाकायचा असेल तर मध्ये अर्धा चिरलेला रबरी होज ठेवा, नुसती गॅसने कापलेली धार बेल्ट करवतीसारखी कापते. गार्डच्या वरच्या प्लेटला आटे पाडलेली भोकं असतील तर कॉलरवाले आयबोल्ट कॉलर पूर्ण टेकेपर्यंत बसवा. कॉलर आणि प्लेट यांच्यात फट राहिली तर तिरक्या ओढीने आयबोल्ट मानेतून वाकतो.

नऊसुती

बोल्टविषयी.

डोकी गोल होण्याचं कारण बहुतेकदा चुकीचा पाना असतं. या जुन्या यंत्रांवर इंची माप असतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून पाऊण इंच म्हणजे सहा सुती. सहा सुती बोल्टला नऊ सुती पाना लागतो, म्हणजे २८.६ मिमी. २८ चा पाना बसत नाही, म्हणून लोक २९ चा लावतात. तो ०.४ मिमी सैल असतो आणि जाम बोल्टवर जोर आला की कोपरे सोलून काढतो. बारा कोनी सॉकेट नको, सहा कोनी इम्पॅक्ट सॉकेट वापरा. या मापांत डोकं व्यासाच्या दीडपट असतं हे लक्षात ठेवलं की पुरे: चार सुतीला सहा, सहाला नऊ, आठला बारा.

आधी तारेच्या ब्रशने डोक्याभोवतीचा चिखल आणि गंज साफ करा. दिसत असेल तर बोल्टच्या मागच्या टोकाचाही. तिथले दोन-चार गंजलेले आटे आतून बाहेर येताना अडकतात. जाम सोडवायचं तेल आदल्या दिवशी दोनदा आणि सकाळी एकदा टाका. मग बोल्ट आधी किंचित *आवळा*. गंजाचा थर तुटल्याचा टक आवाज आला की सोडायला लागा. पाव फेरा सैल, थोडा परत आत, पुन्हा सैल. एका दमात बाहेर काढायला गेलं की गंजाची भुकटी आट्यांत दाटते आणि निम्मा बाहेर आलेला बोल्ट तिथेच पिळून तुटतो.

तेवढ्याने नाही सुटला तर गॅस. ज्यात आटे आहेत तो भाग, म्हणजे फ्रेम किंवा नट, तापवायचा, बोल्टचं डोकं नाही. बाहेरचा भाग फुगून पकड सुटली पाहिजे. सगळं मंद लाल झालं की थोडं निवू द्या आणि मग पाना लावा. तापवलेला बोल्ट परत वापरू नका, त्याची ताकद गेलेली असते. आणि आधी बेली पॅन धुवा. जुन्या लोडरच्या पोटात डिझेलमध्ये भिजलेला पालापाचोळा असतो, एक ठिणगी पुरते. जवळचे हायड्रॉलिक होज ओल्या गोणपाटाने झाका, अग्निशामक हाताशी ठेवा आणि एक माणूस फक्त त्यावर नजर ठेवायला उभा करा. काम संपल्यावरही अर्धा तास यंत्र सोडून जाऊ नका.

गोल झालेल्या डोक्यावर बोल्टच्याच मापाचा नट ठेवून भोकातून आत वेल्डिंग भरा. तुटलेल्या बोल्टलाही हीच युक्ती: आधी वॉशर ठेवून तो बोल्टच्या गाभ्याला जोडा, मग वॉशरवर नट जोडा. वेल्डच्या उष्णतेनेच निम्मी पकड सुटते. लाल असताना फिरवू नका, हात लावता येईल इतपत गार होऊ द्या. दोन-तीनदा करावं लागतं. बॅटरीची वायर आणि अल्टरनेटरचं कनेक्शन सुटलेलं असल्याची खात्री करा आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप त्याच प्लेटवर, बोल्टच्या शेजारी लावा, म्हणजे करंट बेअरिंगांतून जाणार नाही.

ड्रिल करावंच लागलं तर पाऊण इंची, इंचाला १० आट्यांच्या बोल्टसाठी टॅपचं ड्रिल १६.५ मिमी. मध्य नेमका धरा, आधी ५-६ मिमीचं भोक पाडून मग वाढवत न्या.

कप्पी_साखळी

नऊसुतींच्या उत्तराला एक जोड. चार बोल्ट उरले की प्रत्येक बाजूचा एक काढून त्या भोकात २०० मिमी लांब पाऊण इंची स्टड (डोकं नसलेला आट्यांचा गज) बसवा, तेच आटे, हाताने पूर्ण आत. मग स्लिंगला हलका ताण द्या, उरलेले बोल्ट काढा. गार्ड स्टडवर टेकून राहतं आणि पुढे सरळ सरकतं. स्टड नसतील तर शेवटचा बोल्ट निघताक्षणी गार्ड झोका घेतं आणि मागची धार थेट कोअरमध्ये घुसते. परत बसवताना तर या स्टडशिवाय भोकं जुळवणं म्हणजे पहार घेऊन तासभर झुंज.

ताण किती द्यायचा? पहारीने गार्डचा खालचा कोपरा हलवून बघा. जेमतेम हलला की बरोबर. जास्त ओढलं तर बोल्ट वरच्या बाजूला दाबले जातात आणि सुटेचनात असं वाटतं. दोन बाजूंना दोरी बांधून दोन माणसं धरा, हात गार्डवर ठेवून कोणी चालायचं नाही.

५२ सेंमी जागा पुरते. गार्डची खोली ४० सेंमी आहे, पण पुढे सगळं न्यायचं नाही. बाजूच्या प्लेटा कोअरच्या पुढे आल्या की वर उचलायचं. वर जाताना टिल्टचे होज आणि हूडची पुढची धार पाहा.

खोदकाम_पूर्णवेळ

आर्म खालीच ठेवा हे सर्वसाधारणपणे बरोबर, पण एक अपवाद सांगतो, कारण हा धागा दुसरं यंत्र असणारेही वाचतील. काही लोडरांत आडवा पाईप गार्डला इतका लगटून असतो की १०-१५ सेंमीसुद्धा मिळत नाहीत. तिथे दोनच मार्ग. एक, टिल्ट लिव्हरची पिन काढून लिव्हर पुढे टेकवणं. दुसरा, आर्म वर करून यांत्रिक टेकू लावणं.

टेकू म्हणजे यंत्राचा स्वतःचा लॉक किंवा लिफ्ट सिलिंडरच्या रॉडवर बसणारा लोखंडी चॅनेलचा स्ट्रट, दोन्ही बाजूंना. टेकू लागल्यावर आर्म सावकाश खाली सोडून त्यावर बसवायचे आणि मग दाब काढायचा. नुसत्या तेलाच्या भरवशावर, किंवा जॅकवर, किंवा सिमेंटच्या ब्लॉकवर आर्म ठेवू नका. ब्लॉक आधी काही न सांगता फुटतो. अशा स्थितीत क्रेन वापरता येत नाही, गार्ड खालून ट्रॉलीवर उतरवून पुढे ओढावं लागतं. म्हणून हा मार्ग नाइलाजाचा.

पिन काढायची झाली तर तिचंही वजन धरा. ७५ मिमी व्यासाची ३०० मिमी लांब पिन साडेदहा किलोच्या आसपास भरते, पायावर पडली तर बोटं जातात. लिव्हर आधी स्लिंगने धरा, पिन हाताने फिरेल असा भार काढा, मगच ठोका. कडक पिनवर थेट घण मारू नका, कपच्या गोळीसारख्या उडतात. मध्ये पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा गज धरा.

आणि १९८० नंतरच्या कॅटरपिलर ९५३, ९६३, ९७३ सारख्या हायड्रोस्टॅटिक यंत्रांना यातलं काही लागू नाही. त्यांत इंजिन आणि रेडिएटर मागे आहेत.

झाळकाम

आता खुद्द रेडिएटर.

इंजिन ५० अंशांच्या खाली येऊ द्या, झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवून दाब जाऊ द्या, मग काढा. खालचा कॉक उघडला आणि थेंबथेंब आलं तर टाकी रिकामी नाही, कॉक गाळाने बुजलाय. तारेने मोकळा करा. ब्लॉकचा ड्रेनही उघडा. बाहेर आलेलं पाणी बादलीने मोजा. पुस्तकातल्या क्षमतेपेक्षा बरंच कमी भरलं तर बाकीची जागा गाळाने किंवा क्षाराने खाल्ली आहे, आणि ते दुरुस्ती करणाऱ्याला सांगा. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, उघड्या बादलीवर जनावरं येतात. लगेच झाका.

होज ओढून काढू नका. जुना होज टाकीच्या नळीला चिकटलेला असतो. पकड लावून पिळला की नळी झाळीतून हलते आणि नवी गळती तयार होते. ब्लेडने होज लांबीच्या दिशेने उभा चिरायचा, टोक उचलून केळ्याच्या सालीसारखा सोलायचा. होज तसाही नवाच लागणार आहे. ऑइल कूलरच्या नळ्या सोडताच दोन्ही टोकांना बूच लावा, चिंधी कोंबू नका, धागे आत जातात. कुठली नळी कुठली ते रंगाने खूण करा.

फॅनचा शराउड (फॅनभोवतीचं पत्र्याचं कडं) रेडिएटरपासून सोडवून मागे फॅनवर लटकत ठेवा, पूर्ण काढायची गरज पडत नाही. त्याआधी पात्याच्या टोकापासून शराउडपर्यंतचं अंतर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजून लिहून ठेवा. मग कोअर आणि फॅन यांच्यामध्ये प्लायवूडचा पत्रा सरकवा. रेडिएटर हलताना एक पातं कोअरला टेकलं तरी तीन-चार नळ्या जातात.

काही यंत्रांत हायड्रॉलिक पंप क्रँकच्या पुढच्या टोकावरून चालतो आणि त्याचा शाफ्ट रेडिएटरच्या खालून जातो. तुमच्यात तसा असेल तर तो आधी काढावा लागेल, खाली वाकून बघा.

ओतीव टाक्या आणि तांब्या-पितळेचा कोअर असलेला या मापाचा रेडिएटर रिकामा असूनही सहज १०० किलोच्या वर जातो. वरच्या टाकीच्या नळीला किंवा भरण्याच्या तोंडाला साखळी बांधू नका. बाजूच्या चॅनेलमधल्या भोकांना शॅकल लावा आणि वर आडवा पाईप टाकून दोन सरळ स्लिंग सोडा, म्हणजे बाजू आत दाबल्या जाणार नाहीत. बुडाच्या रबरांपासून ५-१० सेंमी उचला आणि पुढे घ्या. गार्ड गेलेलं असल्यामुळे उंच उचलण्याची गरज नाही. तो नेताना उभाच ठेवा, फिनवर आडवा टाकू नका.

मुरूमखाण

रेडिएटर बाहेर आला. गार्डचे सहा बोल्ट तेलाने सुटले, तीन गॅसने, तुटलेल्यावर नट जोडावा लागला. स्टडची युक्ती फार कामाची ठरली.

आता दिसतंय ते असं: खालच्या बुडाचे रबर दगडासारखे कडक, डाव्या बाजूचा तर पापडासारखा चपटा होऊन फुटलाय. वरच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यात केसाएवढी चीर. आणि शराउडमध्ये फॅनचं अंतर वर ३० मिमी, खाली जेमतेम ५. हे सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे का?

झाळकाम

रबर आणि चीर नक्कीच. क्रॉलर लोडरची फ्रेम चढउतारावर पिळली जाते. ती पीळ रेडिएटरपर्यंत पोचू नये म्हणून रबर असतात. रबर मेला की बोल्ट रेडिएटरला फ्रेमशी घट्ट बांधतो आणि प्रत्येक पिळाला टाकी आणि कोअरचा सांधा वाकतो. डाव्या बुडाचा रबर फुटलाय आणि डावाच कोपरा चिरलाय, यापेक्षा स्पष्ट काय हवं? नुसती झाळ मारून परत बसवला तर तीच जागा पुन्हा उघडेल. रबर चारही बदला, आणि बोल्टभोवतीची नळकांडी, म्हणजे स्लीव्ह, जागेवर आहे ना ते पाहा. बोल्ट स्लीव्हवर आवळला जायला हवा, रबरावर नाही. स्लीव्ह नसेल तर नवा रबरही चेपून घट्ट होतो आणि मूळ पदावर येतो.

दुरुस्ती करणाऱ्याकडे टाक्या उतरवून नळ्यांतून गज घालायला सांगा. बऱ्याच नळ्या बुजलेल्या किंवा आधीच झाळून बंद केलेल्या असतील तर कोअर बदलणंच योग्य, कारण तुमच्या यंत्राला गळतीबरोबर तापण्याचाही त्रास आहे. झाल्यावर पाण्यात बुडवून झाकणाच्या दाबाएवढी हवा द्यायची, तुमच्या ७ पीएसआयच्या झाकणाला अर्धा बार. वर्कशॉपच्या लाइनचा सरळ दाब दिला तर चांगला कोअरही फुगून फाटतो. रेग्युलेटर लावून, आणि बुडबुड्यांसाठी निदान पाच मिनिटं थांबून. बारीक चीर सावकाश बोलते.

नऊसुती

फॅनचं कारण वेगळं असू शकतं. रेडिएटर फ्रेमवर आणि फॅन इंजिनवर. वर ३० आणि खाली ५ म्हणजे रेडिएटरच्या मानाने फॅन खाली बसलाय. रबर चेपल्यामुळे रेडिएटरही थोडा खालीच गेला असणार, तरी अंतर इतकं बिघडलंय, म्हणजे इंजिनचा पुढचा आधार जास्त झिजलाय. क्रँक पुलीच्या खाली लाकूड ठेवून पहारीने हळूच वर रेटा. इंजिनचं पुढचं टोक आधारात हललेलं दिसलं तर त्याचं बुश किंवा रबर गेलंय. आत्ता समोर सगळं मोकळं आहे, जॅकने इंजिन तोलून ते बदलायला हीच वेळ. ऑइल पॅनखाली जॅक थेट लावू नका, मध्ये जाड लाकडी फळी घ्या, किंवा पुढच्या आधाराचीच ओतीव जागा पकडा.

नंतर अंतर सगळीकडून सारखं यायला हवं. या मापाला १२ ते २० मिमी चालतं. शराउडची भोकं लांबट असतात ती यासाठीच.

मुरूमखाण

पहार लावली, पुली साधारण १५ मिमी वर गेली. पुढच्या आधाराचं बुश अर्धचंद्रासारखं झिजलंय. मागवलंय.

परत बसवताना कूलंट आणि बोल्टबद्दल काही?

नऊसुती

गार्डचे बोल्ट सगळे नवे घ्या. डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. आधी जे होते तेच घ्या. आटे टॅपने साफ करा, स्टडवर गार्ड सरकवा, सगळे बोल्ट हाताने लागल्यावरच आवळायला घ्या. पाऊण इंची ग्रेड ५ कोरडा असेल तर ३५० न्यूटन-मीटरच्या आसपास. आट्यांना अँटी-सीझ लावलं तर हा आकडा सुमारे पाव हिश्श्याने कमी करा, नाहीतर त्याच पान्यात बोल्ट जास्त ताणला जातो. मातीत चालणाऱ्या यंत्राला मी अँटी-सीझ लावायच्याच बाजूचा आहे, पुढच्या वेळी गॅस काढावा लागत नाही. दहा तास चालल्यावर एकदा सगळे तपासा.

झाळकाम

ओल्या लायनरचं (सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं असं) इंजिन असेल तर नुसतं पाणी भरू नका. लायनरच्या कंपनाने पाण्यात बुडबुडे बनतात आणि फुटतात, त्याने लायनरला बाहेरून टाचणीसारखी भोकं पडतात. निम्मं एथिलीन ग्लायकॉल, निम्मं शुद्ध पाणी, आणि त्या कूलंटला लागतं तेवढं लायनर वाचवणारं अ‍ॅडिटिव्ह. अर्ध्या-अर्ध्याचं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण उष्ण ठिकाणीही ते घ्यायचं कारण गंज आणि उकळबिंदू.

भरताना घाई नको. मिनिटाला १९ लिटरपेक्षा वेगाने ओतलं तर ब्लॉकमध्ये हवा कोंडते, रेडिएटर भरलेला दिसतो आणि हेड कोरडं राहतं. झाकण न लावता इंजिन सुरू करा, थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम होईपर्यंत थांबा, पातळी उतरली की भरा. गळ्याच्या खाली १३ मिमीवर पातळी स्थिरावली की नवं झाकण लावा.

गार्ड चढवण्याआधी हे सगळं करा. अर्धा तास इंजिन तापवून प्रत्येक होजची क्लिप, कूलरच्या नळ्या आणि वरचा डावा कोपरा टॉर्च लावून पाहा. आणि फिन आत्ताच धुऊन घ्या, हवा येते त्याच्या उलट बाजूने. कचरा पुढच्या अंगाला साचला असेल तर फॅन ओढणारा आहे, इंजिनकडून पुढे धुवा. इंजिनच्या बाजूला साचला असेल तर फॅन ढकलणारा आहे, पुढून मागे धुवा. पाण्याचा दाब बेताचा, नोझल फिनला काटकोनात. तिरका फवारा फिन आडव्या पाडतो, आणि पडलेली फिन म्हणजे हवेला बंद झालेली वाट.

मुरूमखाण

ढकलणारा आहे, कचरा इंजिनच्या बाजूला दोन बोटं जाड होता. पुढून धुतला, आता कोअरमधून पलीकडचा उजेड दिसतो. बुश बसल्यावर शराउडचं अंतर वर १८, खाली १७. उद्या कूलंट भरून गार्डशिवाय तापवून बघतो.